ठोकळ्यांच्या गावातलं टपाल

मी दोन बायकांच्या चिठ्ठ्या चोरून वाचल्या. एक माझी सख्खी आत्या, दुसरी माझी कॉलेजातली मैत्रीण. चिठ्ठ्या कागदावरच्या नव्हत्या, एका व्हिडिओ गेममधल्या होत्या. त्यामुळे हे पाप लहान आहे, असं मी काही दिवस स्वतःला सांगत होते. आता सांगत नाही.

परभणीत स्टेशनच्या अलीकडे एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवते. टायपिंग, एक्सेल, थोडं प्रोग्रामिंग. राहते भाड्याच्या एका खोलीत, एकटीच. कॉलेजातल्या आम्हा मैत्रिणी-मित्रांची पांगापांग झाली, कुणी पुण्याला गेलं, कुणी संभाजीनगरला, कुणाची लग्नं झाली. तेव्हा मी आमच्यापुरता एक गेम चालू केला. ठोकळ्यांची दुनिया असते ती. जमीन, डोंगर, झाडं, पाणी, सगळं चौकोनी. जिंकायचं-हरायचं काही नाही. खणायचं, पेरायचं, घरं बांधायची. ज्याला जेव्हा वेळ मिळेल त्यानं यायचं. तुम्ही गेल्यावरही ती दुनिया तशीच राहते. ती ज्या मशीनवर चालायची ते माझ्या खोलीत होतं, आणि तिच्या सगळ्या किल्ल्या माझ्याकडे. पंधराएक जण होतो आम्ही.

माझी मैत्रीण दुपारी यायची. तिला पालमला दिलेलं. घर खाऊनपिऊन सुखी, शेती भरपूर. सासूचं जेवण झालं, ती आडवी झाली की हिला तास-दीड तास मिळायचा. घरात तिचा असा फोन होता, पण तो तिचा एकटीचा नव्हता. नवरा सहज उचलून बघायचा, जाऊ फोटो बघायला घ्यायची, सासूला माहेरी बोलायचं असलं की तोच लागायचा. व्हॉट्सॲपवर ती मला "जेवलीस का" याच्यापुढे काही लिहायची नाही. पण गेम मात्र कुणी उघडायचं नाही. सून मोबाईलवर लेकरासारखी घरं बांधत बसते, याचं सगळ्यांना हसू यायचं, इतकंच.

त्या घराबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही बौद्ध. तिच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा पालमला गेले तेव्हा मला चहा वेगळ्या कपात आला. मला ते कळलं, तिलाही कळलं, कुणी बोललं नाही. दुसऱ्या वेळी गेले तर तिनं तो कप स्वतःपुढे ओढला, तिचा मला दिला, आणि सासूसमोर बसून शांतपणे चहा प्याली. तिसऱ्या वेळेपासून सगळे कप एकसारखे झाले. एवढं तिनं माझ्यासाठी केलं होतं, आणि त्याबद्दल परत कधी एक शब्द काढला नव्हता.

आत्या चुडाव्याला राहते. पोस्टातून रिटायर झालेली. शिक्के मारण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी एका लहानशा पोस्टाची पोस्टमास्तर झाली. तिचे यजमान, आमचे मामा, लवकर गेले, लेकरूबाळ नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर माझ्याकडे होती. पट्टी निघाल्यावर माझ्या मागे बसून स्क्रीनकडे बघायची.

"हे काय करायलीस गं?"

"घर बांधायलेय, आत्या."

"मग खिडकी कुठाय त्याला? मानसं गुदमरून मरतील की."

पंधरा दिवसांत ती स्वतः खेळायला लागली. चुडाव्याला परत गेली ती टॅब घेऊनच. आमच्या त्या दुनियेत तिनं रेल्वे स्टेशन बांधलं: फलाट, कडुनिंब, पाण्याची टाकी, बाकडी. माझी मैत्रीण कॉलेजात असताना माझ्याबरोबर चुडाव्याला यायची, आत्याच्या हातची भाकरी खायची. त्यामुळे दोघींची ओळख जुनीच. आता दुपारी त्या फलाटावर दोघी भेटायला लागल्या.

टपालाची कल्पना आत्याचीच. गेममध्ये बोलायची सोय होती, पण ते सगळ्यांना दिसायचं आणि वर सरकून नाहीसं व्हायचं. ज्याला निरोप द्यायचा तो नेमका तेव्हा नसायचा. आत्या फोनवर म्हणाली, "एवढं मोठं गाव वसवलं तुमी, आन् पोस्ट न्हाई? असलं कसलं गाव?"

गेममध्ये नसलेली गोष्ट आपण प्रोग्राम लिहून घालू शकतो. मी घालायचं ठरवलं. पहिल्या आठवड्यात मी केलं ते अगदी साधं होतं: चिठ्ठी लिहा, पेटीत टाका, त्याच क्षणी समोरच्याच्या घरी हजर. आत्यानं ते नापास केलं.

"हे टपाल न्हाई, ही तार झाली. टपालाची वाट बघावी लागती. चिठ्ठी निघाली, कुठंतरी हाय, उद्या यील, असं वाटायला पायजे मानसाला."

मग मी पोस्टमन केला. खाकी कपड्यांचा, चौकोनी डोक्याचा, आपणहून चालणारा. सकाळी आत्याच्या स्टेशनाशेजारच्या पोस्टातून पिशवी घेऊन निघायचा, रस्त्यारस्त्यानं घरोघरच्या लाल पेट्यांत चिठ्ठ्या टाकायचा. पहिल्या दिवशी तो विहिरीत पडला. दुसऱ्या दिवशी एकाच्या मेंढ्यांच्या कुंपणात शिरला आणि दिवसभर तिथंच गोल फिरत राहिला. पूल तुटलेला असला तर काठावर उभा राहायचा. मग पुलाकडची माणसं धावत जाऊन पूल बांधायची, कारण चिठ्ठ्या अडायच्या. आत्यानं एकेक नियम सांगितला. तारखेचा शिक्का पाहिजे. पत्ता चुकला तर चिठ्ठी फाडायची नाही, लिहिणाऱ्याकडे परत पाठवायची. पार्सल वेगळं, चिठ्ठी वेगळी. मी क्लासच्या मधल्या सुट्टीत वहीत लिहून घ्यायचे आणि रविवारी बसून करायचे. इतकं सुखानं मी दुसरं कुठलं काम केलेलं आठवत नाही.

सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "पाकिटाचं तोंड बंद व्हतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे मधी कुनाला वाचता येती का चिठ्ठी?"

"नाही आत्या," मी म्हणाले. "ज्याची त्यालाच."

खेळणाऱ्यांपुरतं ते खरं होतं. माझ्यापुरतं नव्हतं. प्रत्येक चिठ्ठी माझ्या मशीनवर एका फाईलमध्ये जशीच्या तशी उतरायची: कुणी लिहिली, कुणाला, कधी, आणि खाली सगळा मजकूर. ती कुलूपबंद करता आली असती. दोन दिवसांचं काम होतं. मी केलं नाही. आपल्याच माणसांत कशाला, असं वाटलं. वाईट हेतू नव्हता, पण आत्याला "नाही" म्हणताना ती फाईल माझ्या डोळ्यांसमोर होती, हेही खरं.

महिनाभर मी फाईल उघडली नाही. मग एक दिवस मैत्रिणीचा निरोप आला की तिची एक चिठ्ठी पोचली नाही आणि परतही आली नाही. चूक शोधायला मी फाईल उघडली. चिठ्ठी सापडली. पत्त्यात एक जास्तीची मोकळी जागा पडली होती, म्हणून ती अडकली होती. जागा काढली की काम संपत होतं. पण पहिली ओळ डोळ्याखालून गेली होती.

"आत्या, इथं कुणी बघत नाही म्हणून लिहायलेय."

हे वाचून शहाण्या माणसानं फाईल बंद केली असती. मी वर सरकवून पहिल्या चिठ्ठीपासून वाचायला लागले.

ती एका भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. ऑफिसातल्या कारकुनाची जागा. घरी माहीत नव्हतं. लग्न ठरताना नोकरीचं बघू म्हणाले होते, नंतर तो विषय कुणी काढला नव्हता आणि तिनं काढला तेव्हा सासू म्हणाली होती, "आपल्या घरात काय कमी हाय?" आता ती दुपारच्या त्या तासात अर्धा वेळ गेममध्ये आणि अर्धा वेळ गणितं करण्यात घालवत होती. अडलेलं गणित चिठ्ठीत लिहायची. आत्या सोडवून पाठवायची. शेकडेवारी, काळ-काम-वेग, नफा-तोटा. मधे मधे दोघी आपापलं लिहायच्या. आत्यानं मामा गेल्यानंतरच्या वर्षाबद्दल लिहिलं होतं, जे तिनं आमच्या घरात कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. मैत्रिणीनंही एक गोष्ट लिहिली होती. ती मी इथे लिहिणार नाही. ती वाचायचा मला हक्क नव्हता, तर सांगायचा कुठून असणार?

पुढे रोजचंच झालं. चार वाजताची बॅच सुटली की चहा यायचा आणि मी घरचं मशीन क्लासमधून उघडून नवीन चिठ्ठी आली का बघायचे. मनाला सांगायचे, टपाल नीट चाललंय ना हे बघावं लागतं. चिठ्ठी नसली की चहा बेचव लागायचा. लाज वाटायची का? वाटायची. पण ती वाचून झाल्यावर वाटायची.

मग एका चिठ्ठीत माझा विषय आला. आत्यानं लिहिलं होतं, "तिला सांग की. तुझी जिवाची मैत्रीण हाय. परीक्षेला परभनीला जाशील तवा तिच्याकडंच उतर." त्यावर हिचं उत्तर दोन दिवसांनी आलं. "आत्या, ती मनानं लय चांगली आहे. पण तिच्या तोंडात काही राहत नाही. माझं काम झाल्यावर सांगेन."

मी ते चारपाच वेळा वाचलं. राग आला. कॉलेजात तिची फी भरायची राहिली तेव्हा मी कुणाला सांगितलं होतं? तिच्या भावाचं प्रकरण मी कुठे बोलले होते? सगळं आठवून आठवून स्वतःच्या बाजूनं मांडलं. आपण हे चोरून वाचतोय आणि वर रुसतोय, हे ध्यानात यायला संध्याकाळ झाली. त्यानंतर दोन चिठ्ठ्या आणखी वाचल्या. शेवटची मैत्रिणीची होती: "हॉलतिकीट आलं, सेंटर परभणीत स्टेशनजवळच आहे. रविवारी घरी सांगणार आहे. ह्यांना आधी, मग आईंना. जे व्हायचं ते होऊ द्या."

त्या दिवशी मी ठरवलं, बस झालं. फाईल बंद केली आणि खरंच उघडली नाही. आठ दिवस उघडली नाही. त्याचा मला थोडा अभिमानही वाटत होता.

रविवार गेला. पुढच्या गुरुवारी क्लासला सुट्टी होती. मी परभणीहून गंगाखेडमार्गे पालमची एसटी पकडली. मनात एक चित्र होतं: आता घरी सांगून झालंय, घरात जरा ताण असेल, आपण जाऊन तिच्या बाजूनं दोन शब्द बोलू, खोली देऊ करू. मग तिला कळेल आपण कशी मैत्रीण आहोत ते. मी तिच्यासाठी म्हणून निघाले नव्हते, माझ्यासाठी निघाले होते, हे मला आता दिसतं.

सासूनं दारातच स्वागत केलं. "ये की बाई. लय दिसानं आलीस. सूनबाई, बघ कोण आलंय!"

मैत्रीण आतून आली, हात पुसत. मला बघून हसली. चहा झाला, पोहे झाले. सासू समोरच बसून होती, पायावर सूप, सुपात मूग. तिच्या वागण्यात काही ताण दिसत नव्हता. मला वाटलं, चला, घरानं मानलं. आणि मी म्हणाले,

"परीक्षेला आदल्या दिवशीच ये माझ्याकडे. सेंटर माझ्या खोलीपासून जवळच आहे. सकाळी धावपळ नको."

सुपातला हात थांबला.

"कसली परीक्षा?" सासूनं विचारलं. मला नाही, तिला.

मैत्रिणीचा चेहरा मी बघितला आणि मला कळलं. तिनं सांगितलंच नव्हतं. पुढे आत्याकडून समजलं की त्या रविवारी नवऱ्याला ताप भरला, म्हणून तिनं सांगणं पुढे ढकललं आणि तसं चिठ्ठीत लिहिलं. ती चिठ्ठी मी न वाचता सोडलेल्या आठ दिवसांतली होती. ती एक वाचली असती तर, असं नंतर माझ्या मनात आलं, आणि असं मनात आल्याची आणखी लाज वाटली.

"काही नाही आई, ते... कॉम्प्युटरची एक साधी परीक्षा असते," ती म्हणाली. ती खोटं बोलायला फार कच्ची.

"साधी परीक्षा हाय तर मला का म्हाईत न्हाई? आन् हिला कसं म्हाईत?" सासूचा आवाज चढला नाही. त्याचंच मला भय वाटलं. "राहू दे. त्याला येऊ दे रानातून. मग बघू."

मी पाच मिनिटांत उठले. ती मला गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला आली. डोक्यावरचा पदर नीट करत, इकडेतिकडे बघत, हळू आवाजात तिनं विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

मी पर्समधून एसटीचे सुटे पैसे काढायला लागले.

"मी फक्त एका माणसाला सांगितलं होतं." ती माझ्याकडे वळली. "आत्यांनी सांगितलं का?"

इथे मला "नाही" म्हणायचं होतं. एकच शब्द. त्याच्यापुढे "मग कुणी?" आलं असतं, आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. मी म्हणाले, "चल, गाडी जाईल." आणि स्टँडकडे चालायला लागले. मागे वळून बघितलं नाही. मी आत्याचं नाव घेतलं नाही हे खरं, पण ते तिच्या तोंडून निघालं तेव्हा मी ते तसंच राहू दिलं.

चौथ्या दिवशी आत्याचा फोन आला.

"तिची चिठ्ठी आली," ती म्हणाली. "दोनच ओळी. 'तुमच्यावर भरोसा ठेवला होता आत्या. आता लिहू नका.' मी काय केलं गं? तुला काय बोलली का ती?"

"नाही," मी म्हणाले. "काहीतरी गैरसमज झाला असेल."

"कसला गैरसमज? मी तर कुनाजवळ..." आणि ती बोलता बोलता थांबली.

पुढचे पंधरा दिवस मी रोज ठरवायचे की आज सांगायचं. रोज काहीतरी निघायचं. क्लासमध्ये परीक्षा होत्या, आत्याचा आवाज थकलेला वाटला, प्रत्यक्ष भेटून सांगू. परीक्षेचा दिवसही त्यातच येऊन गेला. त्या दिवशी मी खोलीतच होते. ती येणार नाही हे माहीत असूनही जिन्यात पाऊल वाजलं की कान टवकारायचे.

शेवटी मी बोलले ते चांगुलपणानं नाही. आत्याचा परत फोन आला आणि तिनं विचारलं, "मी झोपेत बडबडते का गं? तुझ्याकडं होते तवा कधी ऐकलंस का?"

"का आत्या?"

"न्हाई, शेजारणीला इचारलं मी. म्हटलं, माझ्या तोंडून तुझ्याजवळ काय निघालं का त्या पोरीबद्दल? ती न्हाई म्हणती. पर मला आता माझाच भरोसा वाटंना. परवा दूध गॅसवर ठिवून इसरले. माझ्याच तोंडून गेलं असंल कुनाजवळ, आन् ध्यानात न्हाई. वय झालं."

छत्तीस पोत्यांतली चिठ्ठी कुठल्या गावची हे नुसत्या अक्षरावरून ओळखणारी बाई. तिला मी वेडं करायला निघाले होते.

शनिवारी सकाळच्या पॅसेंजरनं मी चुडाव्याला गेले. आत्या अंगणात पत्र्याच्या सावलीत लसूण सोलत बसली होती. मी समोर जमिनीवर बसले आणि उठण्याआधी सगळं सांगून टाकलं. फाईल कशी आहे, पहिल्यांदा का उघडली, नंतर का उघडली, पालमला काय झालं, गल्लीत ती काय म्हणाली आणि मी काय नाही म्हणाले. ती खाली बघत लसूण सोलत राहिली. माझं संपल्यावर तिनं विचारलं,

"किती वाचल्यास?"

"सगळ्या. हॉलतिकिटाच्या चिठ्ठीपर्यंतच्या."

"माझ्या बी?"

"हो."

तिनं सुरी खाली ठेवली. मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी फोन काढून म्हणाले, "आत्या, ही बघ, अशी दिसते ती फाईल, मी तुझ्यासमोरच पुसते..."

"बंद कर ते!" तिनं तोंड फिरवलं, जणू कुणी उघडं पडलं होतं. "त्यात दुसऱ्याच्या बी चिठ्ठ्या हायेत. मला कशाला दाखवायलीस?"

मग ती अंगणाकडे बघत बोलायला लागली. "आमच्या पोस्टात एक मानूस व्हता. पाकिटं वाफेवर धरायचा. पैशासाठी न्हाई, नुसतं वाचायला. आमाला कळलं. सायबाला कुनी सांगितलं न्हाई, लेकराबाळाचा मानूस. पर दुपारी डबा खायला त्याच्याजवळ कुनी बसंना. मी बी बसले न्हाई. मला म्हाईत व्हतं तसं एकटं बसून खाणं काय असतंय. नोकरीला लागले तवा दोन वर्षं मीच खाल्लं तसं, माझा काय गुन्हा नसताना. तरी मी त्याच्याजवळ बसले न्हाई."

मग ती उठली, स्वयंपाक केला. मला ताट वाढलं. "जेव," म्हणाली. स्वतःचं ताट घेतलं नाही. "मी मागून खाते." मी भाकरी मोडत होते आणि ती आतल्या खोलीत उगीच डब्यांची झाकणं उघडबंद करत होती. तो आवाज ऐकत मी जेवले. उठून जायची माझी हिंमत नव्हती.

निघताना ती म्हणाली, "तिला तू सांगायचं. फोनवर न्हाई, फोन तिचा एकटीचा न्हाई. समोर जाऊन सांग."

पालमच्या बाजाराच्या दिवशी ती भाजीला येते हे मला माहीत होतं. मेथीच्या ढिगाजवळ भेटली. एकटी होती. मी पिशवी धरते म्हणाले, तिनं दिली नाही. आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीशी उभ्या राहिलो आणि मी परत तेच सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जात नाही.

तिनं पहिला प्रश्न परीक्षेचा विचारला नाही. "म्हणजे आत्यांनी काहीच..." एवढंच म्हणाली आणि कपाळाला हात लावला. "त्यांना मी काय लिहिलं! त्या म्हाताऱ्या बाईला मी काय लिहिलं!"

मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "ते पण वाचलंस? ते माझं?"

"हो," मी म्हणाले.

"त्या एका जागी मी खरं बोलायचे," ती म्हणाली. "घरात बोलता येत नाही, माहेरी बोलता येत नाही. मला वाटायचं, हे तू बनवलंस. माझ्या मैत्रिणीनं बनवलंय म्हणून मी बिनघोर लिहायचे."

"माफ कर," मी म्हणाले.

"परीक्षेच्या आदल्या दिवशी घरात पाहुणे बोलावले. वीस माणसांचा स्वयंपाक मी केला. परीक्षा राहिली," ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही, भाव सांगावा तसं. मग पिशवी उचलली. "जाते. उशीर झाला की विचारतात."

त्या आठवड्यात मी गेममध्ये सगळ्यांसमोर लिहिलं की टपालातल्या चिठ्ठ्या मला दिसत होत्या आणि मी काही वाचल्या. कुणाच्या ते लिहिलं नाही. लगेच प्रश्न सुरू झाले: माझ्या वाचल्यास का? मी नाही म्हणाले, आणि ते खरं होतं, पण कुणी का विश्वास ठेवावा? एकानं नुसतं लिहिलं, "छान." मी फाईल पुसली, टपाल काढून टाकलं. लाल पेट्या गेल्या. पोस्टमन मी मिटवला नव्हता, पण त्याच्याकडे न्यायला काही नव्हतं, म्हणून तो स्टेशनजवळ उभाच राहिला. हळूहळू माणसं यायची थांबली. एका मित्रानं पुण्यात दुसरी दुनिया सुरू केली आहे असं ऐकते. मला कुणी बोलावलं नाही. मीही विचारलं नाही.

मैत्रिणीनं आत्याला माझ्या नकळत फोन केला. कुणाच्या फोनवरून ते मला माहीत नाही. त्यानंतर आत्या स्वतः पालमला गेली. सहासष्ट वर्षांची बाई, दोन एसट्या बदलून. तिथे सासूबरोबर काय बोलली ते तिनं मला पूर्ण सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "मी सांगितलं, बाई, मी तीस वर्षं नोकरी केली, माझं घर नोकरीनं मोडलं न्हाई, उभं ठिवलं. ती आयकून घेती, वाईट न्हाई बाई." दीड वर्षानं दुसरी भरती निघाली तेव्हा नवऱ्यानंच मैत्रिणीला मोटारसायकलवर परभणीला आणलं. ती त्याच्या मावसबहिणीकडे उतरली. थोड्या गुणांसाठी राहिली. परत बसणार आहे. हे सगळं मला आत्याकडून कळलं.

आत्या माझ्याशी बोलते. सणावाराला जाते मी. पण पूर्वी ती फोनवर तासभर काहीबाही सांगायची. शेजारणीचं, मामांचं, गुडघ्याचं. आता मी काय खाल्लं ते विचारते, आणि मी तिला तब्येत विचारते.

मागच्या दिवाळीच्या आधी परभणीच्या बाजारात मैत्रीण समोरून आली. बरोबर तिची चुलत जाऊ होती, मी आधी कधी न बघितलेली. थांबण्यावाचून दोघींनाही इलाज नव्हता. आम्ही हसलो. जाऊबाईनं विचारलं, "या कोण?"

मैत्रीण क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ह्या माझ्या वर्गात होत्या."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला अहोजाहो केलं. मी म्हणाले, "हो, एकाच वर्गात होतो," आणि जाऊबाईच्या कडेवरच्या मुलीचं नाव विचारलं.